डबऱ्याजवळचं चारा बीट बघून आलो

ग्वाल्हेरहून डबरा हे गाव चाळीसेक किलोमीटर. झाशीच्या बस तिथूनच जातात आणि रेल्वेही आहे, पण फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही धुकं पडलं तर सकाळच्या गाडीचा काही भरवसा नाही. मी आणि दादा ऊन वर आल्यावरच निघालो. डबऱ्यापासून पुढे शेतापर्यंत रिक्षा ठरवावी लागते. परतीचंही तेव्हाच बोलून घ्या.

शेत ओळखीच्या एका मराठी काकांचं. दावणीला मुऱ्हा म्हशी, एक भदावरी. बरसीम हा हिरवा चारा तर सगळेच लावतात, पण ऐन थंडीत त्याची वाढ मंदावते, कापण्या लांबतात. ती फट काका सलगमने भरतात. सप्टेंबरअखेर टाकलेला सलगम डिसेंबरात उपटायला येतो. चारा बीटाला, म्हणजे जनावरांना घालायच्या मोठ्या कंदाच्या बीटाला, मात्र चारेक महिने लागतात. ऑक्टोबरच्या मध्याला लावलं की फेब्रुवारीत हाताशी येतं आणि बरसीम संपत आलं तरी एप्रिलपर्यंत जमिनीतच टिकतं. थंड देशांत कंद गोठू नयेत म्हणून काढून झाकून ठेवतात. इथे शेत हेच कोठार, रोज लागेल तेवढंच खणायचं. म्हणून बीटाला ‘हिवाळी चारा’ म्हणणं मला अर्धंच खरं वाटलं. त्याची खरी कमाई उन्हाळ्याच्या तोंडावर आहे.

काकांनी खुरप्याने एक कंद मोकळा केला. अर्धा आधीच जमिनीवर आलेला, नारिंगी सालीचा, दोन किलोंच्या पुढचा. खालच्या खाचांत माती घट्ट बसलेली. हौदात बुडवून ब्रशने घासल्याशिवाय ती निघत नाही, आणि मातीसकट घातलं तर पोटाला त्रास ठरलेला. बियाणं परवडतं, खरा खर्च खणणं, धुणं आणि चिरणं. घरात हात कमी असतील तर या वाटेला न जाणंच बरं.

चिरतात तेही मोठ्या फोडी नाहीत, पातळ चकत्या. छोटा अख्खा कंद जनावर गिळायला बघतं, घशात अडकतो आणि पोट फुगतं. सुरुवात किलो-दोन किलोने, मग दोन-तीन आठवड्यांत वाढवत म्हशीमागे दहा-बारा किलोवर थांबायचं. सोबत गव्हाचा भुसा हवाच, कारण कंदात बहुतेक पाणी आणि साखर. प्रथिनंही बेताची, म्हणून मोहरीची पेंड बंद करू नका. पाल्यात जनावराला बाधणारं ऑक्झॅलिक आम्ल असतं. तो कापून दिवसभर सुकवून मगच टाकतात. सलगम नेहमी दूध काढून झाल्यावर, नाहीतर दुधाला वास येतो. चहा पिताना दादाने तेच विचारलं, तर काकू हसून म्हणाल्या, “पहिल्या वर्षी गिऱ्हाइकाने सांगितलं होतं.”

लावायचं ठरवलंत तर सरींवर, दोन ओळींत अर्धा मीटर आणि दोन रोपांत वीतभर अंतर. बीटाच्या साध्या बियाण्याच्या एका बोंडातून दोन-तीन रोपं उगवतात, त्यामुळे विरळणी चुकवता येत नाही. खारवट पाण्यावरही हे पीक तगतं. राजस्थानात त्यासाठीच त्याच्याकडे बघतात.

अजून खोलात जायचं असेल तर त्याच रस्त्याने पुढे झाशी. ग्वाल्हेर-झाशी रस्त्यावर 1962 साली स्थापन झालेली भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था आहे. कामाच्या दिवशी, आधी विचारून जा; बियाण्याच्या वाणांबद्दल दुकानदारापेक्षा तिथे विचारलेलं बरं.