खुल्या यादीतल्या ११ महिला

पोलीस शिपाई भरतीच्या निवड यादीविरुद्धचा हा मूळ अर्ज मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, अंतिम सुनावणीला लागला, तेव्हा प्रकरण अगदी सरळ वाटत होतं. आम्ही जिचे वकील होतो ती अर्जदार ओबीसी महिला. मैदानी ५० आणि लेखी १०० अशा १५० पैकी तिला १२० गुण. ओबीसी महिलांची यादी १२१ वर थांबलेली, खुल्या महिलांची थेट ११२ वर. भरती करणाऱ्या पोलीस घटकाचं शपथपत्र दोन ओळींचं होतं: अर्जदाराने अर्जात ओबीसी प्रवर्ग भरला आहे, सबब खुल्या महिलांच्या जागेवर तिचा विचार करता येत नाही.

हे उत्तर कोर्टात टिकत नाही. १८ डिसेंबर २०२० चा सौरव यादव निकाल उत्तर प्रदेशच्या पोलीस शिपाई भरतीतूनच आलेला आहे. तिथे ओबीसी महिलेला २७६.५९४९ गुण होते आणि खुल्या महिलांची शेवटची निवड २७४.८२९८ वर झाली होती. खुला म्हणजे बिगरमागासांचा कोटा नव्हे, त्या जागा सगळ्यांना खुल्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं. आपल्याकडे राज्य शासनाच्या १३ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकामुळे झालेला हाच घोळ १९ डिसेंबर २०१८ च्या दुरुस्तीने मिटायला हवा होता. तरीही यादी करणाऱ्याच्या टेबलावर जुनी सवय टिकून राहते.

शासनाची बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी त्या दिवशी तयारीनिशी आले होते. कायद्यावर त्यांनी वादच घातला नाही. म्हणाले, "कायदा मान्य. खुल्या महिलांच्या जागा सर्व प्रवर्गांतून गुणानुक्रमे भरल्या, तर अर्जदार कितव्या क्रमांकावर येते, एवढं वकिलांनी सांगावं."

ती नववी येत होती. आणि जागा होत्या पाच.

आकडे असे. खुल्या जागा ३०, त्यात महिलांचं ३० टक्के समांतर आरक्षण (ते प्रत्येक प्रवर्गाच्या जागांच्या आतच मोजतात), म्हणजे ९. ओबीसीच्या जागा २०, त्यात महिला ६. खुली यादी करताना आधी समांतर आरक्षण बाजूला ठेवायचं, प्रवर्ग न बघता पहिले ३० घ्यायचे आणि त्यात महिला किती आल्या ते मोजायचं. इथे चार होत्या: दोन खुल्या प्रवर्गाच्या, दोन ओबीसी. चारही गुणवत्तेवर आलेल्या, तरी त्या नऊमध्येच मोजायच्या. सर्वोच्च न्यायालयाचा राजेश कुमार दारिया निकाल, २००७: गुणवत्तेवर आत आलेली महिला समांतर कोट्यातून वजा होते. उरल्या पाच. मग तिसांतले शेवटचे पाच पुरुष खाली काढायचे आणि यादीत पुढे येणाऱ्या पाच महिला घ्यायच्या, त्याही प्रवर्ग न बघता.

घटकाने काय केलं? चारपैकी फक्त खुल्या प्रवर्गाच्या दोघी मोजल्या. म्हणून पाचऐवजी सात महिला आत आणल्या, त्याही फक्त खुल्या प्रवर्गातून, आणि पाचऐवजी सात पुरुष काढले. खुल्या यादीत महिला झाल्या ११. एका यादीत दोन चुका, आणि दोन्ही विरुद्ध दिशेला ओढणाऱ्या: एकीने मागासवर्गीय महिला अडवल्या, दुसरीने खुल्या प्रवर्गातल्या दोन पुरुषांची जागा गेली. आमच्या तक्त्यात पहिली चूक होती, दुसरी नव्हती. १२० आणि ११२ समोरासमोर ठेवले की डोळे तिथेच अडकतात.

पहिल्या तिसांच्या खालच्या महिला गुणांनुसार मांडल्या तर: १२७ ओबीसी, १२६ ओबीसी, १२५ खुला, १२४ ओबीसी, १२३ अनुसूचित जाती, मग १२२ च्या दोन ओबीसी, १२१ ओबीसी आणि नंतर अर्जदार. पाच जागा १२३ लाच संपतात. घटकाच्या चुकीच्या हिशेबाने सात धरल्या तरी त्या १२२ ला संपतात. "मला खुल्या महिलेच्या जागेवर नेमा" ही आमची मागणी त्याच क्षणी पडली.

पण साखळी तिथे तुटत नाही. १२७, १२६ आणि १२४ च्या तिन्ही ओबीसी महिलांना घटकाने ओबीसीच्या सहा जागांत बसवलं होतं. त्या खुल्यात सरकल्या की ओबीसी महिलांच्या तीन जागा रिकाम्या होतात. अर्जदार त्या रांगेत सातवी होती, ती चौथी होते. तिची जागा खुल्यात कधीच नव्हती. हा दुसरा तक्ता दोन पानांचा होता. तो पीठासमोर ठेवला तेव्हा सदस्यांनी सादरकर्त्यांना एकच विचारलं: नऊ जागांवर अकरा कशा? उत्तर यायला वेळ लागला.

अर्जातल्या मागणीची दुरुस्ती तिथेच मंजूर झाली: निवड यादी टप्प्याटप्प्याने पुन्हा करावी आणि अर्जदाराचा ओबीसी महिला म्हणून विचार व्हावा. पण निकाल त्या दिवशी लागू शकला नाही. आम्ही प्रतिवादी केलं होतं फक्त ११२ गुणांच्या उमेदवाराला. नव्या तक्त्याने मात्र ११९ पासून ११२ पर्यंतच्या सहाही जणींची निवड धोक्यात येते. त्यांना न ऐकता यादी हलवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा प्रबोध वर्मा निकाल, १९८४: बाधित लोक खूप असतील तर काही जण प्रातिनिधिक म्हणून तरी हवेतच. इथे सहाच, म्हणून सहाही. नोटिसा प्रशिक्षण केंद्रांच्या पत्त्यावर बजावाव्या लागल्या. अंतरिम आदेशामुळे नेमणूकपत्रांवर "अर्जाच्या निकालाच्या अधीन" ही ओळ होती, ती उपयोगी पडली. ती नसती तर प्रत्येकीने आपल्याला काहीच माहीत नव्हतं असा बचाव घेतला असता.

अशा प्रकरणात सगळ्यात अवघड असतं ते कागद मिळवणं. प्रसिद्ध निवड यादीत "खुला" लिहिलेल्या उमेदवाराचा मूळ प्रवर्ग बहुतेक वेळा दिलेलाच नसतो, आणि तो नसेल तर वरचा एकही आकडा मांडता येत नाही. माहिती अधिकारात "निवड यादी द्या" असं लिहिलं की तीच यादी परत येते. मागायची ती सर्व उमेदवारांची एकत्रित गुणवत्ता यादी, अर्जात भरलेला प्रवर्ग आणि मागितलेलं समांतर आरक्षण या दोन रकान्यांसह, शिवाय समान गुणांना लावलेला निकष. इथे १२२ वर दोघी होत्या, म्हणून तोही लागला. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर अपील, आणि मॅटची मुदत एक वर्षाची. हिशेब यादी लागल्याच्या दिवसापासून करायचा.

जन्मतारीखही आधीच बघावी. खुल्यात सरकणाऱ्या मागासवर्गीय महिला २८ च्या आत होत्या, म्हणून वयाच्या सवलतीचा प्रश्न आला नाही. त्यांनी २८ ओलांडून मागासवर्गीयांच्या ३३ च्या मर्यादेत अर्ज केला असता, तर वेगळीच लढाई झाली असती. वयाची सवलत घेऊनही खुल्यात जाता येतं म्हणणारा जितेंद्र कुमार सिंह निकाल, २०१०, एका बाजूला आणि जाता येत नाही म्हणणारा गौरव प्रधान, २०१८, दुसऱ्या बाजूला. दोन्ही प्रकरणं पोलीस भरतीतलीच. शेवटी त्या राज्याचे नियम काय म्हणतात यावर ते ठरतं.

आणखी दोन तारखांनंतर आदेश झाला. यादी नव्याने करायची. अर्जदाराला ओबीसी महिला म्हणून नेमणूक, ज्येष्ठता गुणानुक्रमे, वेतन रुजू झाल्यापासून. सहाही जणींना हलवायचं नाही, सौरव यादवमध्ये निवडलेल्या महिलांना संरक्षण मिळालं होतं तसंच. त्यांना पुढच्या रिक्त पदांवर समायोजित करायचं.

नव्या तक्त्यात ते दोन पुरुषही दिसत होते, खुल्या यादीतून जास्तीचे काढलेले. ते पक्षकार नव्हते, त्यांच्यासाठी मागणी नव्हती, आणि यादी लागून एक वर्ष उलटून गेलं होतं.