कितवीचं हवंय?

परवा दुपारी जरा कुठे डोळा लागत होता तर बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. "झोपली नव्हतीस ना गं?" असं विचारेपर्यंत त्या सोफ्यावर बसल्यासुद्धा. काम काय, तर त्यांना ग्रामरचं पुस्तक हवं होतं. इंग्लिशचं. घरच्या घरी करता येईल असं, क्लासबिस नको. दिवाळीनंतर लेकीकडे डॅलसला जायचंय आणि तिकडचा सात वर्षांचा नातू व्हिडिओ कॉलवर प्रत्येक वाक्याला अडवतो. "मी म्हटलं, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग, तर म्हणतो आजी, आय डोन्ट अंडरस्टँड. मी म्हटलं तेच तर सांगतेय रे बाबा, मला समजत नाहीये!"

आता यात काकूंचं काय चुकलं सांगा. आपल्याला समजत नाहीये, आठवत नाहीये, आवडत नाहीये, सगळं चालूच असतं. इंग्लिशमध्ये मात्र असल्या क्रियापदांना आयएनजी सहसा चालत नाही, आणि हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागून चार वर्षं झाली होती.

"तुझ्याकडे असेलच ना एखादं, तू घेत असतेस." हे मात्र खरं आहे. मी घेत असते. काकू गेल्यावर स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि मोजली, सात निघाली. एक सोडून बाकी सगळ्यांत नामाचा धडा पेन्सिलने सोडवलेला. प्रॉपर नाउन, कॉमन नाउन, ॲबस्ट्रॅक्ट नाउन, नामांवर माझं प्रभुत्व आहे, कुणी रात्री दोनला उठवून विचारावं. पुढे काळांपाशी अक्षर बारीक होत जातं, आणि जर-तरच्या वाक्यांपर्यंत तर एकाही पुस्तकात मी पोचलेले नाही, तिथली पानं अजून एकमेकांना चिकटून आहेत. नवीन पुस्तक आणलं की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा नाम. अर्ध्यात पडलेलं जुनं पुस्तक पुढे चालू करायचं हे का सुचत नाही कोण जाणे, बहुतेक चूक पुस्तकाची होती असं मनात धरलेलं असतं.

पण काय आहे, पुस्तक निवडण्यातच अर्धं इंग्लिश आल्यासारखं वाटतं. अप्पा बळवंत चौकात जायचं, काउंटरवरच्या गर्दीत कोपर घालून उभं राहायचं, आजूबाजूला सगळी शाळेच्या पुस्तकांची यादी घेऊन आलेली आईबापं. मी म्हटलं, "इंग्लिश ग्रामर द्या." काउंटरवरचा मुलगा वर न बघताच, "कितवीचं हवंय?" आता पस्तिशीच्या बाईने कितवीचं सांगायचं? मी म्हटलं, "भाच्यासाठी हवंय." "हो, पण कितवीत आहे भाचा?" "आठवीत." मग आठवीचं आलं. ते सातातलं एक. मला भाचा नाही.

तेव्हापासून मी धोरण बदललं, नाव घेऊनच पुस्तक मागायचं. रेन अँड मार्टिन, म्हटलं की विषय संपला, कुणी इयत्ता विचारत नाही. आमच्या पिढीला हे नाव शाळेतल्या बाकासारखं ठाऊक, बसायला कठीण पण सगळे त्यावरच बसलेले. नो सूनर डिड काय, टू काढून वाक्य फिरवा काय, जगात कुणी बोलताना नो सूनर म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही. त्यातला रेन म्हणजे पी. सी. रेन, हिंदुस्थानात शिक्षणखात्यात नोकरी केलेला माणूस, आणि त्यानेच १९२४ साली ब्यू जेस्ट नावाची धाडसी कादंबरी लिहिली, वाळवंट, किल्ला, फ्रेंचांच्या फॉरेन लीजनमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या पलटणीत, भरती झालेले भाऊ. हे वाचलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. इतकं सगळं डोक्यात असलेल्या माणसाने आम्हाला पार्सिंग, म्हणजे वाक्यातल्या एकेका शब्दाचं व्याकरण सांगत बसायला लावावं!

पण एकट्याने शिकणाऱ्याची खरी गोम वेगळीच आहे. रेन अँड मार्टिनची उत्तरं वेगळ्या पुस्तकात, त्याला की म्हणायचं. आमच्या शाळेत ती की सरांच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला, म्हणजे कीची की. घरी बसून शिकताना सर नाहीत, कपाट नाही, आपण लिहिलेलं बरोबर की चूक ते सांगणार कोण? मी तरी आता पुस्तक हातात घेतलं की आधी मागची पानं बघते. उत्तरं असली तर पुढचं बोलू.

आबांना हा प्रश्न कधी पडला नव्हता. आबा म्हणजे माझे आजोबा, वाईला. त्यांच्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, केसरीच्या कागदाचं कव्हर घातलेली, कव्हरावरच्या बातम्या पुस्तकापेक्षा जास्त वाचलेल्या. आधी शब्द पाठ करायचे, मग इंग्लिश वाक्यांचं मराठी, मग मराठीचं इंग्लिश. मे महिन्यात आम्हा सगळ्या नातवंडांना घाटावर पोहायला जायच्या आधी एक धडा करावा लागायचा, तेव्हा शाळेत इंग्लिश पाचवीपासून असायचं, म्हणून चौथी झालेल्यांची विशेष भरती. धडा संपला की आबा स्वतःची वाक्यं रचून घालायचे. "तुझ्या मामाच्या आंधळ्या बैलाने शेजाऱ्याची छत्री खाल्ली होती का?" आम्ही हसून लोळायचो, ते गंभीर. मामाचा, आंधळा, होती का, प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा मार्क. उत्तर तपासायला आबांना पुस्तक लागायचं नाही, ते डोळे मिटून ऐकायचे आणि चुकलं की फक्त "हं?" म्हणायचे. त्या हं मध्ये सगळं असायचं. मग आपणच शोधायचं, हॅड आलं की ईटन होतं, एट राहत नाही, तोवर कृष्णेचं पाणी तापून जायचं.

आबांनी आयुष्यात कुणाशी इंग्लिशमध्ये बोललेलं मी ऐकलं नाही. अर्ज मात्र अख्खी आळी त्यांच्याकडून लिहून घ्यायची.

मराठीतून समजावणाऱ्या पुस्तकांची अजून एक गंमत. त्यात इंग्लिश शिकवायला एक वेगळी मराठी तयार केलेली असते. मी खातो, मी खात आहे, मी खाल्ले आहे, इथपर्यंत ठीक. पुढचं, "मी खात आलो आहे." हॅव बीन ईटिंग! कोण बोलतं हो असं? कुठून खात आला आहेस बाबा, स्वारगेटपासून? आपण सरळ म्हणतो, मी सकाळपासून खातोय, संपलं. पण शाळेत खात आलो आहे, झोपत आलो आहे, रडत आलो आहे हे सगळं घोकलं आणि पुढे ऑफिसात पहिली मेल लिहायची वेळ आली तेव्हा आधी मनात ती कोणीच न बोलणारी मराठी जुळवायची, मग तिचं इंग्लिश करायचं, म्हणजे एका भाषेसाठी दोन परक्या भाषा. आणि ए, ॲन, द यांना तर आपल्याकडे जागाच नाही. भाजीवाल्याकडे कोथिंबीर द्या म्हणायचं, ती कोथिंबीर, एक कोथिंबीर, का नुसतीच, हे त्याला समोर दिसतं.

म्हणून मग सगळं इंग्लिशमधूनच असलेलं ते रेमंड मर्फीचं निळं पुस्तक, इंग्लिश ग्रामर इन यूज. पहिल्यांदा १९८५ ला आलं. डाव्या पानावर समजावलेलं, उजव्या पानावर लगेच सोडवायचं, एक विषय दोन पानांत खलास, नामाचा धडा सुरुवातीला नाहीच! पहिलाच पाठ आय ॲम डूइंग. मला ते फुटपाथवर जुन्या पुस्तकांत मिळालं, आनंदाने घरी आणलं, रोज जेवणं झाली की एक पाठ, सिन्स आणि फॉरपर्यंत पोचले, म्हणजे बारा पाठ, माझ्या इतिहासात हा विक्रम. मग एकदा उत्तरं ताडून बघावी म्हणून मागे गेले तर उत्तरंच नाहीत. म्हटलं कुणी पानं फाडली की काय. नाही. या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या निघतात, उत्तरांसकट आणि उत्तरांशिवाय, दुसरी वर्गात शिकवणाऱ्यांसाठी. कव्हरवर स्पष्ट लिहिलं होतं, इंग्लिशमध्ये.

खरं सांगायचं तर ते बारा दिवस फार सुखाचे गेले होते.

तर काल सातीच्या सात पिशवीत घालून काकूंकडे नेली. त्यांनी एकेक उचलून बघितलं, उघडून नाही, उचलून. रेन अँड मार्टिन हातात घेतलं आणि लगेच ठेवलं. "तेवीस किलोच चालतं गं एका बॅगेत, त्यात भाजणी, मेतकूट, लोणचं." मर्फी त्यातल्या त्यात हलका निघाला. मी म्हटलं, "काकू, पण याच्यात उत्तरं नाहीत." "असू देत, उत्तरं द्यायला तो आहे ना तिकडे, त्याला तेवढंच काम."

वर आले आणि मग आठवलं, त्यात पहिल्या बारा पाठांची माझी उत्तरं पेन्सिलने लिहिलेली आहेत, कुणीच न तपासलेली, नाव-तारखेसकट. आता ती डॅलसला जाणार आणि सात वर्षांचा मुलगा ती वाचणार. खोडरबर घेऊन खाली जावं का असा विचार केला जरा वेळ, मग चहा टाकला.