आख्खी होडी

“शेअरिंग का आख्खी?” पलीकडून विचारणा झाली, अगदी स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्याच्या सुरात.

मी स्पीकर चालू ठेवला होता, कारण हा व्यवहार माझ्या एकट्याचा नव्हता. मेहुणा शेजारी बसून हातवारे करत होता. ‘प्रायव्हेट म्हणा, दाजी, प्रायव्हेट!’

“प्रायव्हेट पाहिजे,” मी म्हणालो.

“म्हणजे आख्खी,” पलीकडचे होडीवाले काका म्हणाले. विषय मिटला.

तारकर्ली-देवबागला आमची ही चौथी खेप. डॉल्फिन झाले, संगम झाला, पाण्याखाली जाऊन मास्क लावलेला फोटो झाला. या वेळी दिवाळीची गर्दी ओसरल्यावर जायचं ठरलं आणि मेहुण्याने जाहीर केलं की आपण समुद्रात जाऊन मासे धरायचे. बंगळुरूला असतो तो. गेल्या वर्षभरात त्याला गळाचं वेड लागलंय. सतार ठेवावी तशा लांबलचक पेटीत त्याची काठी असते आणि ती गाडीत आडवी बसावी म्हणून माझी लेक चिपळूणपर्यंत पाय पोटाशी घेऊन बसते.

काकांनी दर सांगितला. तीन तासांचे चार हजार. “डिझेल आमचा, आमिष आमचा, गऱ्यो आमच्यो.” मी साडेतीनवर आणायचा एक दुबळा प्रयत्न केला. काकांनी तो ऐकूच आला नाही अशी शांतता पाळली. मग मेहुण्याने फोनवर झुकून कळीचा प्रश्न विचारला, “मासा मिळायची गॅरंटी आहे का?”

“अवो, डॉल्फिनाची पण गॅरंटी देनत नाय आमी. तो निदान वर तरी येता.”

उरलेली एकच तारीख होती, रविवार. बायकोने कालनिर्णयचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. संकष्टी.

“संकष्टीला मासे मारायला निघालात?”

“मारायला नाही गं, धरायला. स्पोर्ट आहे तो.”

“खाणार नाही ना?”

“नाही.”

“मग जा.”

तिला कल्पना नव्हती, पण ‘स्पोर्ट फिशिंग’ची इतकी नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. खायचे नाहीत, तरी धरायचे. या खेळाचं एक मूळ घराणं कॅलिफोर्नियातल्या सांता कॅटालिना बेटावरचं. चार्ल्स होल्डर नावाच्या गृहस्थाने १८९८ साली काठी आणि बारीक दोर वापरून १८३ पौंडांचा ट्यूना ओढून काढला आणि त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लब काढला. जाड हातदोरीने भराभरा मासे खेचणं ही त्याच्या मते कत्तल होती. माशालाही सुटायची संधी मिळायला हवी. म्हणून काठी, म्हणून बारीक दोर, म्हणून नियम. थोडक्यात, पोटासाठी मासा धरणाऱ्याला जे सोपं करायचं असतं, ते हौशी माणसाने पैसे खर्चून अवघड करायचं. मला हे पटतं. आपल्याकडेही गडावर गाडीरस्ता झाला तरी पायऱ्यांनी चढणारे लोक आहेतच.

आदल्या संध्याकाळी काकांचा फोन. “चतुर्थी म्हणजे तीनाक भरती, नवाक सुकती. सकाळी सा वाजता निघूया.” त्यांनी हे कुठल्या ॲपवर बघितलं नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीची पाऊणपट तीन, अष्टमीची सहा, पुनवेला-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं पुढं-मागं होतं, पण होडी काढायला पुरतं. शाळेत पाऊणकीचा पाढा आम्ही घोकला नाही, आमच्या वडिलांनी घोकला होता. त्याचा उपयोग समुद्रावर होतो हे त्यांनाही कुणी सांगितलं नसावं. सातारा जिल्ह्यात सांगणार तरी कोण!

सहाला खाडीच्या काठावर पोचलो तेव्हा अंधुक होतं. चंद्र पश्चिमेला समुद्रावर अजून चांगला वर होता. रात्री याच्याचसाठी ताटकळायचं आहे, असा एक विचार उपाशी पोटाने केला. जमिनीकडून बारीक गार वारा सुटला होता. भूगोलात पाच मार्कांसाठी पाठ केलेले मतलई वारे हेच, हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या कानांच्या पाळ्यांना कळलं. काठावर एक जुनी लाकडी पात उलथी घातलेली, तिची तोल सावरणारी उलांडी बाजूला वाळूत. आमची होडी फायबरची, मागे इंजिन.

होडीत काका होते, काकांचा झील, म्हणजे मुलगा, होता आणि एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकं काढून बघणारी कोंबडी.

“दाजी,” मेहुणा माझ्या कानात, “प्रायव्हेट ना?”

“भोगव्याक उतरतली,” काका म्हणाले. त्यांना ऐकू गेलं होतं. कार्ली नदीच्या पलीकडच्या काठाला मावशींचं माहेर. होडी तिकडून जाणारच आहे तर त्यांनी रस्त्याने एवढा वळसा का घालावा, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आख्खी होडी म्हणजे होडीचं आख्खं भाडं, एवढाच त्याचा अर्थ. कोंबडीने भाडं दिलं नाही.

मावशी उतरल्या आणि आम्ही नदीच्या मुखाशी आलो. इथे नदीचं उतरतं पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, खाली वाळूचा दांडा असतो. काकांनी इंजिन जवळजवळ बंद केलं आणि उभे राहिले. एक लाट गेली, दुसरी, तिसरी. आम्ही गप्प. चौथी तुटून पांढरी झाली तसं त्यांनी इंजिन एकदम ओढलं आणि तिच्या पाठोपाठच्या सपाटीतून होडी बाहेर काढली. सगळं मिळून मिनिटभर. चार हजारांपैकी साडेतीन हजार या मिनिटाचे असावेत.

बाहेर आल्यावर मेहुण्याने पेटी उघडली. काठी जोडली, चाक बसवलं आणि एका खणातून ‘रापाला’ काढला. हा लाकडी-प्लास्टिकचा नकली मासा. होडीमागे ओढला की जखमी माशासारखा लडबडतो आणि मोठा मासा त्याच्यावर येतो. “फिनलंडचा आहे,” तो काकांना म्हणाला. काकांनी तो हातात घेतला, अंगठ्याने पोट चाचपलं, परत दिला.

या रापालाची गोष्ट मेहुण्याने मला येताना वाटेत ऐकवली होती. लाउरी रापाला हा फिनलंडमधला गरीब मच्छीमार, तळ्यात मासे धरून पोट भरणारा. मोठे मासे कळपातला धडधाकट मासा सोडून अडखळत पोहणाराच गाठतात, हे त्याच्या नजरेला आलं. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि वर वार्निश घ्यायला पैसे नाहीत म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. म्हणजे जगभरच्या हौशी लोकांच्या पेट्यांत मखमलीवर झोपणारी ही वस्तू मुळात एका तांडेलानेच केलेली, पोटासाठी.

दुसऱ्या बाजूने काकांनी आपली दोरी सोडली. काठी नाही, चाक नाही. फळीच्या तुकड्याला गुंडाळलेली जाड नायलॉनची दोरी, टोकाला वीतभर तार, तारेला गरी आणि गरीला बांधलेली दोन पांढरी पिसं, शिवाय कसल्याशा चकचकीत पुडीची कातरलेली पट्टी. मी पट्टीकडे बघत राहिलो. चॉकलेटची नव्हती, वेफर्सची होती. पिसं कुठून आली ते नुकतंच भोगव्याला उतरून गेलं होतं.

पुढचे दोन तास काही घडलं नाही. म्हणजे होडी गोगलगाईसारखी चालत राहिली, डाव्या हाताला निवतीचा डोंगर निळ्याचा हिरवा झाला आणि काकांच्या झीलाने मोबाइलवर एक आख्खी मॅच बघितली. उत्तरेला किल्ल्याच्या बाजूला जाऊ या का, असं मी विचारलं. काकांनी मान हलवली. सिंधुदुर्गाभोवतीचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे आणि त्यावर बोलायला लागले तर आपले तीन तास त्यातच जातील, असा त्यांचा चेहरा झाला.

वेळ जावा म्हणून मेहुण्याने विक्रम सांगायला घेतले. गळाने धरलेली सगळ्यात मोठी सुरमई ४४.९ किलोची, १९८२ साली, दक्षिण आफ्रिकेत.

काकांनी पहिल्यांदाच वळून नीट बघितलं. “चव्वेचाळीस?”

“चव्वेचाळीस पूर्णांक नऊ.”

“मगे ती इकली केवढ्याक?”

मेहुण्याला ते माहीत नव्हतं. विक्रमांच्या यादीत वजन असतं, ठिकाण असतं, तारीख असते, भाव नसतो.

आणि तेवढ्यात त्याचं चाक किंचाळलं. काठी कमानीसारखी वाकली, मेहुणा उठून उभा राहिला, “दाजी, व्हिडिओ! व्हिडिओ!” म्हणून ओरडला, मी खिशातून फोन काढेपर्यंत काठी सरळ झाली. दोर आत घेतला. टोक सुरीने कापावं तसं स्वच्छ तुटलेलं. फिनलंड गेलं.

काकांनी तुटकं टोक बघितलं. “तार खय?”

“तार दिसते ना माशाला. हा फ्लुरोकार्बन आहे, पाण्यात दिसत नाही.”

“दिसना नाय ता बरा. पण सुरमयेक दात आसत.”

होल्डरसाहेबांच्या हिशेबाने हा सामना न्याय्य झाला. माशाला संधी होती आणि त्याने ती घेतली. मेहुण्याला त्यातला न्याय लगेच दिसला नाही.

पाणी भरतीला लागलं होतं. काकांनी होडी वळवली आणि परतीच्या वाटेवर, अगदी सहज, आपली दोरी माझ्या हातात दिली. “बोटाक गुंडाळू नको. नुसती धरून बस.” बोटाला का गुंडाळायची नाही हे दहा मिनिटांनी समजलं. आधी दोरीत एक टिचकी आली, कुणी दारावर नखाने वाजवावं तशी. मग दोरी हातातून पळाली. तळव्यात चटका बसला. मी ती सोडणार होतो, तोवर काकांनी मागून येऊन धरली आणि दोघांनी मिळून, म्हणजे काकांनी ओढून आणि मी मध्ये येऊन, ती आत घेतली. शेवटचे दोन हात मात्र त्यांनी माझ्यावर सोडले. पाण्याखाली आधी एक चंदेरी पाती वळली. मग ती होडीत आली. सुरमई, तीन-साडेतीन किलोची, अंगावर ओल्या काजळाच्या रेघा ओढल्यासारखे पट्टे. ते पट्टे बघता बघता फिके झाले. ताटातल्या तुकडीने हे कधी दाखवलं नव्हतं. शेपटीजवळ अर्धचंद्रासारखा जुना वण होता, कुणाच्या तरी तोंडातून पूर्वी सुटलेली.

फोटो काढायचा तर हातात काठी हवी, असं मेहुणा म्हणाला. म्हणून काठी माझ्या हातात आली. हातदोरीची फळी त्याने पायाने चौकटीबाहेर सरकवली. व्हॉट्सॲपवर पन्नास जणांनी अंगठे दिले, त्यांपैकी एकानेही विचारलं नाही की काठीला दोर का नाही.

काठाला लागेस्तोवर वारा फिरून खारा झाला होता. मासा कुणाचा, हे बुकिंग करताना कुणीच बोललं नव्हतं. काका म्हणाले, “होडी आख्खी तुमची, मासो बी तुमचोच.” पण आमच्या खोलीच्या मालकीणकाकूंच्या फ्रिजमध्ये नैवेद्याचं सारण होतं आणि बायको दारातच उभी होती. मी काकांना म्हटलं, तुम्हीच न्या. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा सुरमईकडे बघितलं. “लिलावात घालतंय. पैसे?” “ते पण तुमचेच.” बायकोने मान डोलावली. साबुदाण्याची खिचडी खाल्ली. तळव्याला खोबरेल लावलं.

चंद्रोदय साडेआठच्या आसपास. तोवर करायचं काय म्हणून संध्याकाळी मालवणला गेलो आणि पाय आपोआप लिलावाकडे वळले. होड्या लागत होत्या, वाळूवर बांगड्यांचे ढीग, पेडव्यांच्या टोपल्या आणि भोवती गाबीत बायकांची कोंडाळी. बोली इतकी भराभर चढते, की आपण डोकं खाजवलं तर एखादी टोपली गळ्यात पडेल या भीतीने मी हात मागे बांधून उभा होतो.

“बाबा, तुमचा मासा!” लेक ओरडली. तिने फोटो दिवसभरात वीस वेळा बघितला होता. वाळूवर पसरलेल्या प्लास्टिकवर चार सुरमया होत्या, दुसरीच्या शेपटीजवळ अर्धचंद्र. बोली पंधराशेवरून सुरू झाली. सतराशे, अठराशे, दोन हजार. बावीसशेला तुटली. घेणाऱ्या मावशींनी तिला शेपटीला धरून उचललं आणि आवाजाच्या दिशेने, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.

“ही तुमी गरवलास?”

समोर, कोंडाळ्याच्या पलीकडे काका उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं.

“होय गे,” काका म्हणाले. “तेनीच. एकट्यान वढल्यानी.”

दहा-बारा डोकी वळली. मावशींनी मला, माझ्या चष्म्याला आणि खोबरेल लावलेल्या हाताला एकदा न्याहाळलं.

“मगे इतकी बरी सुरमय इकलास कित्याक?”

“संकष्टी,” मी म्हणालो.