मानधनाचं पाकीट

शनिवार

आज संस्थेच्या वहीत लेखकाच्या मानधनाचे हजार रुपये लिहिले. आमची संस्था हौशी, पैशाची कायम ओढाताण. नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, लाईट, मेकअप, तालमीतला चहा, प्रयोगाच्या रात्रीचे वडापाव. प्रत्येक कलमावर बैठकीत घासाघीस होते. लेखकाच्या पाकिटाला मात्र कुणी हात लावत नाही. राज्य नाट्य स्पर्धेला लेखकाची परवानगी लागते म्हणून म्हणावं, तर गणपतीतल्या साध्या प्रयोगालाही आम्ही ते देतोच. जुन्या मंडळींनी लावलेली शिस्त आहे, ती अजून टिकली आहे.

आणि हीच मंडळी बैठक संपली की ग्रुपवर नव्या सिनेमाच्या चोरट्या प्रतीची लिंक टाकतात. "कालच लागलाय. प्रिंट बरी आहे." आज तर खुद्द दिग्दर्शकानं टाकली. (मी गप्प बसले. त्याच्याशी माझं लाईटच्या बिलावरून आधीच वाजलंय.)

यात फार मोठं कोडं आहे असं नाही. आमचा लेखक इस्लामपुरात राहतो. तालीम कुठवर आली म्हणून त्याचा फोन येतो, प्रयोगाला तो दुसऱ्या रांगेत बसतो आणि वाक्य चुकलं की मान हलवतो. त्याचे पैसे बुडवायचे म्हणजे त्याच्या तोंडावर बुडवायचे. सिनेमाचं तसं नाही. तिथं 'कंपनी' असते, आणि कंपनीला तोंड नसतं.

रविवार

भाच्यानं आज आजीसाठी टेलिग्रामवरून नवा सिनेमा उतरवला आणि टीव्हीवर लावून दिला. आईला गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे पोरानं केलं ते मायेनंच. मी भडंग कालवत होते, ते सोडून बघायला बसले.

कुणीतरी थिएटरात मोबाईल धरून घेतलेली प्रिंट. पडदा डावीकडं कललेला, आवाज रांजणातून आल्यासारखा. मध्येच पुढच्या रांगेतला एक जण उठला आणि त्याच्या डोक्याचा काळा गोळा नायिकेच्या तोंडावरून सरकत गेला. "हा कोण गं मधेच?" आईनं विचारलं. विनोद झाला की तिकडचे लोक हसायचे, त्या हसण्यात पुढचं वाक्य बुडायचं. आणि थोड्या थोड्या वेळानं खालच्या कडेला पिवळ्या अक्षरांत सट्ट्याच्या ॲपची जाहिरात सरकायची. एकदा ती ऐन चितेच्या प्रसंगात आली. म्हातारा बाप पाणी सोडतोय आणि खाली पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस.

"बंद कर बाबा ते," आई म्हणाली, "मला गोष्टच लागेना." आणि मालिका लावली.

भाचा हिरमुसला. मग आमची जुंपली.

"आत्ती, एवढं काय मनाला लावून घेतीयस? मी उतरवून घेतलं म्हणून त्यांच्याकडचं काय कमी झालं का? मग चोरी कशी?"

हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण तो खरा आहे. आपल्याकडचा 1957 चा कॉपीराइट कायदा त्याला चोरी नाही, प्रताधिकाराचा भंग म्हणतो. त्याची शिक्षा वेगळी सांगितली आहे: 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही 1985 साली एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या परवानगीशिवाय काढलेल्या रेकॉर्डींच्या खटल्यात, हा माल चोरीच्या मालाच्या कायद्यात बसत नाही, असा निकाल दिला होता. त्यामुळं पोराला चोर म्हणण्यात मला रस नाही. पण चोरी नाही म्हणजे काहीच नाही, असं कुठं आहे? आमच्या नाटकाचा प्रयोग लेखकाला न विचारता केला तर त्याच्या घरातलं तरी काय जातं? त्याचं कपाट जिथल्या तिथं असतं. तरी पाकीट द्यावं लागतं हे भाच्याला पटतं. तो स्वतः बॅकस्टेजला असतो, पाकीट एकदा त्यानंच नेऊन दिलंय.

दुसरा मुद्दा त्यानं ठेवणीतला काढला. हिरो कोटी कोटी घेतात, माझ्या दीडशे रुपयांनी त्यांचं काय अडलंय? हिरोचं अडत नाही, कबूल. त्याचे पैसे बहुतेक आधीच चुकते झालेले असतात. अडतं ते पुढच्या सिनेमाचं, आणि त्यातही मराठीचं जास्त. नव्या पोरांचा सिनेमा सकाळच्या किंवा अडनिड्या वेळच्या खेळाला लागतो. पहिल्या शुक्रवार ते रविवारात खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी पोस्टर उतरतं. त्या तीन दिवसांतच प्रिंट फिरली की बघणारे घरी बसतात, आणि निर्मात्याला पुढच्या वेळी पैसे घालायला कुणी मिळत नाही. गाणी लिहिणाऱ्यांचंही तेच. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. आता कुठं त्यांच्या हातात थोडं पडायला लागलंय.

तिसरं म्हणजे महाग पडतं. इथं मात्र मला हसू आलं. 2021 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सनं मोबाईलपुरता प्लॅन 149 रुपयांवर आणला होता. आमच्या भाच्याच्या गाडीला आठवड्याला त्याहून जास्त पेट्रोल लागतं, तेही नुसतं विश्रामबाग ते कॉलेज कॉर्नर फेऱ्या मारायला. ज्याला खरंच परवडत नाही, त्याच्याबद्दल मी बोलतच नाही. शेंगा फोडायला येणाऱ्या बाईनं स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून पोरासाठी मेमरी कार्डात सिनेमे भरून आणले तर मी तिला कायदा शिकवायला जाणार नाही. आमच्या घरात ती सबब चालत नाही.

आणि फुकट तरी कुठं आहे? त्या पिवळ्या पट्टीचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात. पिक्चर पसरवणाऱ्याला सट्टेवाला पैसे देतो, आणि सट्टेवाल्याला ते क्रिकेटच्या सीझनमध्ये कर्ज काढून खेळणारी पोरं देतात. लेखकाच्या पाकिटात जायचा पैसा असा भलत्याच वाटेनं फिरतो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. भाच्याला हे मान्य झालं असावं. निदान तो गप्प झाला.

थोड्या वेळानं म्हणाला, "मग तुमच्या नाटकातला तो सस्पेन्सचा पीस कुठला गं?"

आता काय सांगू? स्पर्धेत निम्म्या नाटकांचं पार्श्वसंगीत परदेशी सिनेमातून उचललेलं असतं. ते ऑपरेट करणाऱ्याला आम्ही पैसे देतो, रचणाऱ्याला नाही. त्या रकान्याला वहीत जागाच नाही. बैठकीत मी हे एकदा काढलं होतं तेव्हा सगळे हसले होते. पुढच्या बैठकीत परत काढणार. मिरजेत गल्लीगल्लीत वाजवणारी पोरं आहेत, त्यांच्याकडून करून घेऊ. महाग पडेल. पडू दे.

मंगळवार

पेठेतून येताना भावे नाट्यमंदिरावरून आले. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते राजाच्या आश्रयानं. चिंतामणराव पटवर्धनांनी खर्च उचलला, बघणाऱ्यांना तिकीट नव्हतं. 1851 साली चिंतामणराव वारले आणि मंडळी उघड्यावर आली. मग भाव्यांनी गावोगाव दौरे काढले आणि 1853 साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. आपल्याकडं नाटकाचं तिकीट आलं ते असं, राजा गेल्यावर. पगार देणारा धनी उरला नाही म्हणून तो खर्च बघणाऱ्यांत वाटून गेला.

भाव्यांची नक्कलही भरपूर झाली. त्यांचं बघून इचलकरंजीकर, अळतेकर अशा मंडळ्या निघाल्या आणि त्यातून मराठी रंगभूमी उभी राहिली. नक्कल सरसकट वाईट म्हणणाऱ्यांनी हे बघावं. त्या मंडळ्यांनी नट जमवले, रात्री जागून तालमी केल्या, बैलगाडीत पडदे घालून गावं पालथी घातली. टेलिग्रामवरच्या प्रिंटेतून असं काही निघाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

गुरुवार

आईच्या कपाटात नाटकांच्या व्हीसीडींचा खोका निघाला. सगळ्या रीतसर विकत घेतलेल्या, काहींवर किमतीचं स्टिकर अजून आहे. प्लेअर कधीच भंगारात गेला. लॅपटॉपला सीडी घालायला खाचच नसते आता. त्यातलं आईचं आवडतं नाटक मी सगळीकडं शोधलं. पैसे देऊन बघायला कुठंच नाही. यूट्यूबवर कुणीतरी चढवलेलं आहे, तेही मधला अंक तुटलेलं.

ते मी आईला लावून दिलं आणि मला काही वाटलं नाही. पैसे एकदा दिलेत, आज पुन्हा द्यायची तयारी आहे, पण घेणारंच कुणी नाही. ज्यांच्याकडं हक्क आहेत ते ना विकत, ना सोडत. कायद्यानं सिनेमाचे हक्क 60 वर्षं टिकतात. 1960 सालचा सिनेमा 2021 उजाडल्यावर मोकळा झाला, पण तोवर कित्येक रिळं सडून गेली. आपल्याकडच्या जुन्या गोष्टींचं बरंचसं जे काही उरलंय ते असल्याच चोरट्या प्रती सांभाळणाऱ्यांच्या हौसेनं, हेही लिहून ठेवते. भाच्याला दाखवणार नाही, लगेच माझ्यावर उलटवेल.

ॲपवाल्यांवरही माझा राग आहेच. एका ॲपवर मी एक मराठी सिनेमा पुढं बघू म्हणून यादीत टाकून ठेवला होता. वर्गणी चालू, सिनेमा गायब. करार संपला म्हणे. दुसऱ्यावर वर्गणी भरूनही जाहिराती. पैसे देणाऱ्याला असं वागवलं तर तो टेलिग्रामकडं जाणारच. पण त्या रागापायी परवा लागलेला सिनेमा उतरवायचा, हे काही पटत नाही. ॲपवरचा राग मी वर्गणी बंद करून काढला.

शनिवार

बैठकीत नवीन विषय. पोरांना आपल्या नाटकाचं शूटिंग यूट्यूबवर टाकायचंय. परवाच्या प्रयोगाला एकानं मागच्या रांगेतून अख्खा पहिला अंक मोबाईलवर घेऊन ठेवलाय, मला पत्ताच नव्हता. सिनेमाच्या थिएटरात त्यानं हे केलं असतं तर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीप्रमाणे किमान 3 महिने आत आणि किमान 3 लाख दंड, असं मी सांगितल्यावर हशा पिकला. थिएटरातल्या सिनेमात न दिसणारी खूण असते, चोरून घेतलेल्या प्रिंटवरून ती कुठल्या पडद्यावरची आणि कधीची हे काढता येतं, हे सांगितल्यावर मात्र जरा शांत झाले. आमच्या नाटकात कुठली खूण? मागच्या रांगेतून खोकणारे काका तेवढे ओळखू येतील.

मी लेखकाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो चिडला नाही. म्हणाला, "दोन-तीन मिनिटांचा तुकडा टाका, जाहिरात होईल. अख्खं नको. अजून चार गावांतनं या नाटकाला विचारणा आहे. फोनवर बघून झालं की ते बोलावतील कशाला?" मग थोडं थांबून म्हणाला, "प्रयोग थांबले की टाका खुशाल. तेव्हा मला पैसेही नकोत."

पहिला अंक सगळ्यांसमोर पुसायला लावला. ज्यानं घेतला होता तो रात्री ग्रुपवर कुरकुरला, "तोवर बघणार कोण पण?" पुढच्या प्रयोगाची दहा तिकिटं त्याच्या नावावर लिहून टाकलीत. खपवू दे.