बंद म्हणजे खरोखर बंद

रावेरला आमच्या घरी गायीला ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले की पुढचे काही दिवस तिचे दूध डेअरीला घालायचे नाही, हा वडिलांचा नेम मी लहानपणापासून पाहत आलो. त्याच टेट्रासायक्लिन कुळातले डॉक्सिसायक्लिन पुढे जळगावच्या प्रयोगशाळेत मानवी पेशींतले जनुक हवे तेव्हा चालू करण्यासाठी मी वापरू लागलो.

ही पद्धत हायडेलबर्गच्या मानफ्रेड गॉसेन आणि हेरमान बुयार्ड यांनी 1992 मध्ये मांडली. टेट्रासायक्लिन नसताना डीएनएला चिकटणारे आणि ते मिळताच सुटणारे जिवाणूंचे एक प्रथिन त्यांनी हर्पिस विषाणूच्या जनुक चेतवणाऱ्या तुकड्याला जोडले, आणि ते जिथे चिकटते ते सात डीएनए-खंड एका अगदी तोकड्या प्रमोटरच्या, म्हणजे जनुकाचे काम जिथून सुरू होते त्या डीएनए-तुकड्याच्या, आधी बसवले. त्या रचनेत औषध दिले की जनुक बंद होई. 1995 मध्ये त्या प्रथिनातली चार अमिनो आम्ले बदलून हा क्रम उलटवण्यात आला, म्हणून आता औषध दिल्यावर जनुक चालू होते.

माझ्या मते अशा प्रमोटरची खरी कसोटी तो किती जोरात चालू होतो ही नसून औषधाविना तो किती गप्प राहतो ही आहे, कारण पेशीला घातक असलेल्या प्रथिनाचे जनुक जरासे जरी गळत राहिले, तरी प्रयोग सुरू होण्याआधीच त्या पेशी मागे पडतात. माझ्या पहिल्या प्रयोगात औषध न दिलेल्या ताटलीतही ल्युसिफरेजचा, म्हणजे जनुक चालू असल्याची खूण म्हणून वापरलेल्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचा, प्रकाश स्पष्ट मोजता येत होता. बरेच दिवस मी प्रमोटरलाच दोष देत राहिलो. पेशींना वाढीसाठी वासराच्या गर्भाच्या रक्तातले सीरम द्यावे लागते आणि गुरांना दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश त्यात उतरू शकतो, हे ध्यानात यायला मला वडिलांच्या त्या नेमाची आठवण व्हावी लागली. टेट्रासायक्लिनमुक्त सीरम वापरल्यावर प्रकाश पुष्कळ उतरला, पण पुरता विझला नाही. गुणसूत्रात आमचे जनुक जिथे जाऊन बसले होते तिथले शेजारचे एन्हान्सर, म्हणजे जनुकाचे काम वाढवणारे डीएनए-तुकडे, त्याला चेतवत असावेत, असे मला वाटले. त्यामुळे एकेका पेशीपासून वेगळे वंश वाढवून त्यांतला सर्वांत शांत वंश निवडावा लागला.

त्यानंतर प्रत्येक प्रयोगात, ज्यांत आमचे जनुक नाही अशा पेशींनाही मी तेवढेच डॉक्सिसायक्लिन देतो, कारण मायटोकॉन्ड्रियातले (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातले) रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रे, जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असल्याने हे औषध तिथल्या प्रथिननिर्मितीलाही अडथळा करू शकते.