दूरस्थ फेलोशिप आणि तहकूब झालेली ग्रामसभा

ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकातली ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ ही नोंद मी आजवर शेकडो वेळा वाचली असेल, परंतु ती प्रत्यक्ष लिहिली जाताना प्रथम पाहिली ती गेल्या ऑगस्टमध्ये, आणि ते पाहता आले याचे एकमेव कारण म्हणजे लोकशाहीच्या अभ्यासासाठी मला मिळालेली सहा महिन्यांची फेलोशिप दूरस्थ होती. ती निवासी असती, तर त्या दिवशी मी परदेशातल्या एखाद्या ग्रंथालयात बसून ग्रामसभांविषयीच वाचत असते.

आपल्याकडे १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर लागतात. तेवढे नसतील तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. त्या दिवशी मंदिराच्या सभामंडपात तीसेक बायका वेळेवर येऊन बसल्या होत्या, कारण आदल्या दिवशीच्या महिला सभेत त्यांनी वरच्या वाडीच्या पाण्याविषयी ठराव केला होता. पुरुष आले मोजके. दीड तास वाट पाहून नोंद झाली, वही मिटली, आणि तहकूब सभा ज्या दिवशी भरली त्या दिवशी याच बायका खुरपणीला गेल्या होत्या. पाण्याचा विषय ‘पुढील सभेत घेण्याचे ठरले’. कागदोपत्री यात काहीही चुकलेले नाही. वही वाचणाऱ्या अभ्यासकाला लोकांना ग्रामसभेत रस नाही असेच वाटेल; वाट पाहून उठून गेलेल्या त्या तीस जणींचा वहीत उल्लेखसुद्धा नाही.

लोकशाहीच्या अभ्यासासाठी दिल्या जाणाऱ्या फेलोशिपांचा जो नमुना जगभर परिचित आहे, तो मुख्यतः निवासी आहे. वॉशिंग्टनमधील नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी ही संस्था १९८३मध्ये स्थापन झाली आणि तिचा रेगन-फॅसेल फेलोशिप कार्यक्रम २००१मध्ये सुरू झाला. प्राध्यापकांबरोबर कार्यकर्ते आणि पत्रकार यांनाही त्यात स्थान मिळाले, आणि त्यांनी साधारण पाच महिने वॉशिंग्टनमध्ये राहून वाचन, लेखन व चर्चा करावी अशी त्याची घडण होती. ज्याच्या मागे स्वतःच्या देशात पोलीस लागले आहेत, अशा माणसाला ते पाच महिने म्हणजे मोकळा श्वास असतो, आणि त्याला दूरस्थ फेलोशिप देऊन काहीच साधणार नाही, हे मी मनापासून मानते. कोरोनाच्या काळात प्रवास थांबले आणि दूरस्थ फेलोशिप हा पर्याय अनेक संस्थांच्या अंगवळणी पडला. माझ्यासारख्या, रोजचे काम सोडून जाणे शक्य नसलेल्या कार्यकर्त्यांना तेव्हा प्रथमच दार उघडले.

मात्र दूरस्थ याचा अर्थ कमी खर्चाची, असा काही ठिकाणी लावला जातो, तो मला मान्य नाही. विमानभाडे आणि घरभाडे वाचले म्हणून मानधन कापले, तर कार्यकर्ती दिवसभर नेहमीचे काम करून रात्री संशोधन करणार, आणि ते संशोधन दमलेल्या डोळ्यांनी होणार. तिला दिवसाचे तास विकत घेता आले पाहिजेत, म्हणजे तिच्या जागी काम करणाऱ्या व्यक्तीचा पगारही त्या रकमेत बसला पाहिजे. ग्रंथालयाचेही तसेच आहे. नियतकालिकांचे लेख घरबसल्या उघडता येत नसतील, तर निवासी फेलोला सहज मिळणारी गोष्ट आपल्याला दुसऱ्याकडे मागावी लागते. वेळेचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळी वेळेत रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात, आणि चर्चेत बोलायची आपली पाळी येईपर्यंत घरातले सगळे झोपलेले असतात.

मला सर्वांत जड गेली ती भाषा. माझी टिपणे मराठीत होती आणि दर आठवड्याचा अहवाल इंग्रजीत द्यायचा होता. ‘तहकूब’ला इंग्रजी शब्द आहे, पण ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ म्हणून कोणाची नावे वहीत चढतात, ती माणसे सभेला खरोखर हजर असतात का, आणि कोऱ्या जागेवर आधी सह्या घेऊन ठराव मागाहून लिहिला जातो तेव्हा गावात त्याबद्दल काय बोलले जाते, हे इंग्रजीत मांडताना मी प्रत्येक वेळी अर्धे गाळले. मार्गदर्शकांनी तिसऱ्या महिन्यात मूळ मराठी टिपणे मागवून घेतली आणि भाषांतराचा खर्च वेगळा मंजूर केला, तेव्हा कुठे काम मार्गी लागले.

यंदा कोणी अशा फेलोशिपसाठी अर्ज करणार असेल, तर वेळापत्रकाच्या रकान्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या तारखा, आणि त्यांच्या आदल्या दिवसाची महिला सभा, आधी लिहून टाकावी, आणि त्या दिवशी ऑनलाइन बैठकीला हजर राहता येणार नाही असे अर्जातच स्पष्ट कळवावे. मी ते कळवले नव्हते, आणि २ ऑक्टोबरला पाण्याचा विषय अखेर चर्चेला आला तेव्हा सभामंडपाबाहेर उभी राहून मी फोनवर दुसऱ्याच देशातल्या निवडणुकांवरील चर्चा ऐकत होते.