यादीतली तीन नावं

साखळी, शुक्रवार, रात्री

जेवणं झाल्यावर बाबा माझ्या लग्नाची यादी घेऊन सोप्यावर बसले. वाड्यावरची घरं, देवळाचे महाजन, आईच्या माहेरची डिचोलीची माणसं, माझ्या शाळेतला स्टाफ. सगळं लिहून झाल्यावर मी तीन नावं सांगितली. एक कुडाळचा, एक इचलकरंजीचा आणि एक नाशिकची ताई. बाबांनी विचारलं, "हे कोणाचे गो?"

आमच्याकडे ओळख याच प्रश्नाने सुरू होते. कोणाचा, खंयचा, कुठल्या वाड्यावरचा, कुळाचा देव कोणता. दोन मिनिटांत मध्ये कुणाची तरी आत्या किंवा एखादं देऊळ सापडतं आणि माणूस आपला होतो. मला हे मनापासून आवडतं, मी यातच वाढले. पण या तिघांचं सगळं उलट्या क्रमाने झालं. आधी माणूस कळला; गाव, आडनाव, चेहरा फार नंतर. उद्या बाबांना ते धड सांगता यावं म्हणून आज लिहून काढतेय.

२०२० चा पावसाळा. दिवसा मी सत्तरीतल्या दुसरीच्या पोरांना फोनवरून बेरीज शिकवायचे. निम्मी पोरं रेंजसाठी डोंगरावर चढून बसलेली, वर पाऊस. रात्री डोकं जड व्हायचं. धाकट्या भावाने माझ्या फोनवर पबजी घालून दिला आणि म्हणाला, खेळून तर बघ.

शंभर जण विमानातून उड्या मारतात, रिकाम्या घरांत लूट शोधतात, आणि खेळायची जागा, म्हणजे झोन, आकसत जातो. एरँगल हा नकाशा आठ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद. शेवटी त्यातलं शेताएवढं वर्तुळ उरतं. चार जणांचा स्क्वॉड. सुरुवातीला मी माइक बंद ठेवायचे. बाईचा आवाज ऐकला की अनोळखी पोरं काय काय बोलतात, हे खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. एका रात्री झोन कुठे आहे एवढंच विचारायला माइक उघडला, तर आमच्याच स्क्वॉडमधल्या एकाने घाण बोलायला सुरुवात केली. तेव्हा दुसरा एक आवाज आला, "ताई, तुम्ही खेळा. ह्याला म्यूट करा, मी रिपोर्ट मारतोय." एवढंच. पुढे माझी चौकशी नाही, कौतुक नाही. मॅच संपली तेव्हा त्याने फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली. मी ती घेतली. तो इचलकरंजीचा.

त्याच्या माइकमधून नेहमी खडखडाट यायचा. मला वाटायचं पाऊस आहे, की फोन बिघडलाय. ते यंत्रमाग होते. रात्रपाळीच्या सुट्टीत तो कारखान्यातूनच एखादी मॅच खेळायचा. खडखडाट नसला की आम्ही ओळखायचो, आज काम नाही. त्यावर कुणी काही विचारायचं नाही, पण त्या रात्री सगळे उशिरापर्यंत थांबायचे.

माणूस खरा कळतो तो कुणी नॉक झाल्यावर. गोळी लागून तुम्ही गुडघ्यांवर आलात की बंदूक चालवता येत नाही, नुसतं सरपटायचं. सोबत्याने येऊन रिव्हाइव्ह केलं तरच उठता, आणि त्या काही सेकंदांत त्यालाही गोळी झाडता येत नाही. म्हणजे तुमच्यासाठी तो स्वतः उघड्यावर येतो. कुडाळचा पोरगा प्रत्येक वेळी यायचा. जिंकणं हातातून चाललंय हे दिसत असतानाही स्मोक, म्हणजे धुराचा गोळा, टाकून यायचा आणि मालवणीत ओरडायचा, "थांब गो, येतंय!" ताई अगदी वेगळी. ती आधी शत्रू कुठून मारतोय ते बघायची, आम्हाला भिंतीआड सरपटायला सांगायची आणि मगच यायची. तिच्यामुळे आम्ही जास्त वेळा वाचलो, हेही खरं. लहान मुलाला झोपवून ती खेळायला बसायची, म्हणून आवाज कायम दबका.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ज्यांच्या फोनवर तो आधीच होता त्यांचा खेळ काही आठवडे चालू राहिला. ३० ऑक्टोबरला तोही थांबणार असं जाहीर झालं. तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे एकमेकांचे फोन नंबरच नाहीत. फक्त खेळातली नावं. सर्व्हर गेला की माणसंही गेली. मुलीने नंबर कसा मागायचा, मुलाने मुलीला कसा विचारायचा, असे सगळे गप्प. शेवटी ताईच म्हणाली, "मी माझा आधी देते, लिहून घ्या." हे तिचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये तिचे सासरे हॉस्पिटलात होते, दुसऱ्या लाटेत. खेळ नव्हता, तरी रात्री दहाला आम्ही चौघं ग्रुप कॉलवर असायचो. ती एकटीच घरी, मूल झोपलेलं. कुणी फार बोलायचं नाही. इचलकरंजीचा तेवढा मागांच्या गोष्टी सांगायचा: धागा तुटला की काय करतात, बॉबिन कशी बदलतात. सासरे घरी आले त्या दिवशी तिने आम्हाला पहिला फोटो पाठवला. चेहरे आम्ही असे पाहिले.

जुलै २०२१ मध्ये पबजीचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला, पुढच्या जुलैत तोही स्टोअरवरून काढला, मे २०२३ मध्ये परत आला. आमचं त्यावर काही अडलं नाही. आता मॅच क्वचित होते. लॉबीत, म्हणजे मॅचआधी थांबायच्या पडद्यावर, चौघांचे पुतळे उभे असतात आणि आम्ही डाळीच्या भावावर बोलत असतो.

लोक याला खोटी दोस्ती म्हणतात तेव्हा मला राग येतो. नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या दुर्धर आजाराने २०१४ मध्ये गेला, वय २५. आई-वडिलांना वाटायचं, पोराने एकट्याने आयुष्य काढलं. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि परक्या देशांतून मेल येऊ लागले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन या नावाने खेळायचा. तिथले काही सोबती प्रवास करून त्याच्या अंत्यविधीला आले. त्या आई-वडिलांनीही मनात बाबांसारखंच विचारलं असेल, हे कोणाचे?

बाबांना आज यातलं थोडंच सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "इचलकरंजीचो नुस्तें खाता?" खातो म्हटलं. लग्नाच्या पंगतीत मासे नसतात, म्हणजे त्याला आदल्या दिवशीच बोलावायचं बाबांच्या मनात आहे. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की साखळी, त्याला वाट सोपी. कुडाळचा मोटारसायकलने येईन म्हणतोय, मी बसने ये म्हटलंय. ताईचं अजून नक्की नाही, मुलाची परीक्षा मध्ये येतेय. उद्या दहाला सगळे लॉबीत येतील तेव्हा तिला परत विचारते. त्याची पुस्तकं घेऊन ये म्हणावं, अभ्यास मी घेईन.